एमएच २२, मुक्काम मालवण

परभणी जिल्ह्यात पडलेला पाऊस पूर्वेला जातो. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी नांदेडनंतर तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. माणसं मात्र समुद्र म्हटला की पश्चिमेकडे निघतात. पाथरी असो की पालम, जिंतूर असो की सोनपेठ, समुद्र म्हणजे कोकण. आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच तरुण जोडप्यांसाठी कोकण म्हणजे मालवण-तारकर्ली. त्यांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, आणि मागून धरून ठेवणारा गाइड, जो फोटोत जेमतेम अर्धा आलेला असतो.

हा फोटो मिळवायला परभणीहून जाऊन-येऊन बाराशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. पाण्याखालचा वेळ असतो पंधरा-वीस मिनिटं. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, रविवारी सकाळी स्कूबा, दुपारी मासळीचं जेवण, आणि संध्याकाळच्या आत घाट चढून परतीला लागायचं, कारण सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. या वेळापत्रकात समुद्र नीट दिसत नाही. शरीरालाही ते मानवेलच असं नाही. का, ते पुढे येईल.

डायव्हिंगला लागतात ते दिवस. आणि हॉटेलचं भाडं न वाढवता दिवस वाढवायचे असतील, तर झोपायची सोय असलेली गाडी हा चांगला उपाय आहे. जगभर कॅम्परव्हॅन आणि स्कूबा यांचं जमलं ते याच साध्या हिशेबावर.

चाकावरचं घर

फिरतं घर मराठवाड्याला नवं नाही. आषाढी जवळ आली की संत जनाबाईंच्या गंगाखेडकडून आणि आसपासच्या गावांतून दिंड्या पंढरीकडे निघतात, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकमध्ये तंबू, भांडी, पाण्याच्या टाक्या, शिधा असं सगळं असतं. वारकरी पायी चालतात, संसार ट्रकमध्ये. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी हाच मजुरीचा हिशेब असतो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पत्रे, कोंबड्या आणि लेकरं असतात. हौसेने निघालेल्या जोडप्याची गाडी आणि ही ट्रॉली एकाच रस्त्याने, एकाच मोसमात जातात. जोडीने बाहेर पडण्याचा अर्थ प्रत्येकासाठी सारखा नसतो, एवढं तरी त्या रस्त्यावर दिसतंच.

हौसेच्या फिरत्या घराची सरकारी दखल महाराष्ट्राने २०२१ मध्ये घेतली. त्या वर्षी राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. त्यात दोन गोष्टींना जागा आहे: स्वतः कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची, स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी किंवा मागे जोडायचा ट्रेलर, आणि कॅराव्हॅन पार्क, जिथे अशा गाडीला उभं राहायला जागा, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था मिळेल. कागदावर कल्पना नेटकी आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आजही बहुतेक व्हॅनवाले घरगुती निवासाच्या अंगणात, नारळ-पोफळीच्या वाडीत किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासाजवळ परवानगी विचारून गाडी लावतात. कोकणात विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. न विचारता लावली तर मात्र सकाळी काचेवर टकटक होते.

गाडी तयार करताना कायदा बघावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि बदल करायचाच तर तो आरटीओकडे नोंदवून आरसी बुकात यावा लागतो. म्हणून अनेक जण मधला मार्ग काढतात. गाडीला हात लावायचा नाही, सीट आडव्या करायच्या आणि वर घडीची प्लायवूडची फळी टाकायची. दिवसा फळी उचलली की गाडी पुन्हा गाडी. ज्यांना पदरमोड करायची नाही त्यांनी भाड्याची कॅराव्हॅन घ्यावी, पण तिचा परवाना आणि दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिथला कर, दोन्हींची चौकशी आधी करावी.

आत काय हवं, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पहिलं पाणी. समुद्रात भिजलेला प्रत्येक पट्टा, काच, सूट गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर मीठ सगळं खातं. आणि किनाऱ्यावर समुद्र कितीही मोठा असला तरी एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या विहिरी तळाला जातात. टँकरची वाट पाहिलेल्या घरातली बाई एका बादलीत दोन सूट कसे धुवायचे ते पुण्या-मुंबईच्या हौशी माणसापेक्षा लवकर ठरवते. दुसरं, गॅस. छोटा सिलिंडर आणि शेगडी बाहेर, मोकळ्या हवेत. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला वास नसतो, त्यामुळे जाग येत नाही.

घाटाखाली

परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर, तुळजापूर, सोलापूर. तिथून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. रत्नागिरी-नागपूर महामार्गामुळे हा पट्टा पूर्वीपेक्षा सुसह्य झाला आहे. एका दमात जाण्याची गरज नसेल तर पहिला मुक्काम सोलापूरच्या पुढे, दुसरा कोल्हापूरच्या अलीकडे. मग गगनबावड्याहून करूळ घाट, दाजीपूरकडून फोंडा घाट, किंवा खाली उतरून सावंतवाडी गाठायची असेल तर आंबोली. पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या काळात यांपैकी एखादा घाट बंद असतो, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

ज्यांच्याकडे सुट्टी जास्त आहे त्यांनी उत्तरेकडून किनाऱ्याने यावं. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग अजून सलग पुरा झालेला नाही. पण खाड्यांवरच्या फेरीबोटी गाडीसकट पार नेतात: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दाभोळची फेरीबोट २००३ पासून चालू आहे. तिने गाडीचा मोठा वळसा वाचतो आणि खाडीचं पात्र मधोमध उभं राहून बघायला मिळतं. वाटेत वेळासला थांबता येतं, जिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावाने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहण्याचा मोसमच तयार केला.

व्हॅन वाळूवर मात्र न्यायची नाही. दर सुट्टीत कुणाची ना कुणाची गाडी पुळणीत रुतते, भरती येते, आणि गावकऱ्यांना ट्रॅक्टर आणावा लागतो. भरतीचं गणित सोपं आहे आणि ते घरच्या कॅलेंडरवरच मिळतं. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जोरात ओढतं आणि तळाचा गाळ उचलतं. भांगाला ते शांत असतं. डायव्हिंगला जायचं तर अष्टमी बघून जावं, हे मालवणातला कुणीही मच्छीमार सांगेल.

वीस मिनिटं आणि चार दिवस

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, इसदा या नावाने ओळखली जाणारी. २०१५ पासून ती चालू आहे, आणि सरावासाठी तिथे खास खोल तलाव बांधलेला आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव या संस्थेशी आणि मालवणच्या स्कूबाशी जोडलेलं आहे. समुद्र म्हणजे मासळी आणि किल्ला एवढंच माहीत असलेल्या राज्यात पाण्याखालचं प्रवाळ हे पाहण्यासारखं आहे, हे पटवायला बराच काळ गेला.

पर्यटक जे करतात त्याला प्रास्ताविक डाइव्ह म्हणता येईल. कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव, दोन-तीन खुणा, मग गाइडच्या हातात स्वतःला सोपवून थोडं खोल. त्यात वाईट काही नाही. भीती जाते, मासे दिसतात. पण तिथे पाण्यात आपण पाहुणे असतो. गाइड बुडवेल तसं बुडायचं, उचलेल तसं वर यायचं. शिकणं ही वेगळी गोष्ट आहे. ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्रासाठी साधारण तीन-चार दिवस लागतात: वाचन, तलावातला सराव, आणि खुल्या समुद्रात चार डाइव्ह. दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, प्रकृतीची प्रश्नावली खरी भरावी लागते. वयाची अट दहा वर्षांची. प्रमाणपत्र मिळालं की मोठ्यांना अठरा मीटरपर्यंत जाता येतं.

पोहण्याच्या बाबतीत परभणी मागे नाही. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेली पिढी अजून आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहिली तर पाण्यापर्यंत खाली उतरत जाण्याचा विचार या मातीत किती जुना आहे ते कळतं. अडचण आहे ती मुलींची आणि बायकांची. विहिरीवर त्यांना कुणी नेलं नाही. म्हणून जोडप्यातला नवरा पोहणारा आणि बायको न पोहणारी, असं चित्र वारंवार असतं. समुद्रात मग तो शिकतो आणि ती होडीत बसते. जायच्या आधी चार महिने दोघांनी एकत्र तलावावर जाणं हाच यावरचा इलाज.

आणि दोघांनी शिकण्याला कारणही आहे. स्कूबात एकट्याने उतरत नाहीत. जोडी ठरलेली असते. उतरण्यापूर्वी एकमेकांचे पट्टे, हवा, वजन तपासायचं, खाली नजरेच्या टप्प्यात राहायचं, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली जादा नळी पुढे करायची. या खेळाच्या इतिहासात जोडपी पुन्हा पुन्हा भेटतात ती त्यामुळे. झाक इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन तयार केलं. कुस्तोंच्या ‘कालिप्सो’ जहाजावरच्या मोहिमा उभ्या राहाव्यात म्हणून त्यांची पत्नी सिमोन हिने दागिने विकले, आणि पुढची अनेक वर्षं ती त्या जहाजावरच राहिली. ऑस्ट्रियाचे डायव्हर हान्स हास आपल्या मोहिमेत बाईला न्यायला तयार नव्हते. त्यांची सहकारी लोटे हिने स्वतः डायव्हिंग आणि छायाचित्रण शिकून घेतलं. १९५० मध्ये ती तांबड्या समुद्राच्या मोहिमेत होती, त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं, आणि त्या मोहिमेच्या चित्रपटाला पुढच्या वर्षी व्हेनिसला पारितोषिक मिळालं.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. त्यात असते ती आपलीच रोजची हवा, गाळून सुमारे दोनशे बार दाबाने भरलेली. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर घेतलेला छातीभर श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीच रोखायचा नाही, आणि वर सावकाश यायचं. खाली जाताना लाल रंग आधी नाहीसा होतो; तांबोशी मासा तिथे करडाच दिसतो, टॉर्च पडला की लाल होतो. वस्तू जवळ आणि मोठ्या वाटतात. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ असा नसतो, ‘वर जाऊया’ असा असतो. फोटोसाठी अंगठा दाखवणाऱ्या किती जणांना गाइडने मुकाट वर आणलं असेल, त्याची गणती नाही. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

आता घाटाची गोष्ट. पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. त्या काळात माणूस उंचावर गेला, म्हणजे भोवतालचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत त्याचे परिणाम आहेत, आणि उपचाराला लागणारे दाबकक्ष मोजक्या शहरांत आहेत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची सूचना अशी: एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकाहून अधिक किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास, सुमारे सहाशे मीटरच्या वर जायचं नाही. ही सूचना विमानासाठी म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. पण आंबोली ६९० मीटरवर आहे, आणि मालवणहून दाजीपूर, गगनबावडा किंवा आंबोली, कुठूनही परतलं तरी काही तासांत आपण त्याच उंचीच्या आसपास असतो. उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांनी धोका फारसा नसतो. चार दिवस शिकून, अठरा मीटर गाठून, त्याच संध्याकाळी कोल्हापूरचा रस्ता धरणाऱ्याला असतो. व्हॅनचा खरा उपयोग इथे होतो. शेवटच्या डाइव्हनंतरचा दिवस मालवणातच काढायचा. झोपायला घर आहे, घाई नाही.

किनारा कुणाचा

तो रिकामा दिवस किल्ल्यासाठी पुरतो. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये केली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. ज्या खडकांनी शत्रूची गलबतं अडवली, त्याच खडकांवर आज प्रवाळ आहे आणि त्यांच्या कपारींत गोबरे मासे राहतात. हा सगळा परिसर १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा पद्मगड आणि सिंधुदुर्गाच्या भोवतीचा.

अभयारण्य ही घोषणा मच्छीमारांना न विचारता झाली अशी त्यांची तक्रार होती, आणि ती बरीच वर्षं टिकली. ज्या पाण्यात आजोबांनी रापणीचं जाळं ओढलं, तिथे जाण्याची मनाई होईल अशी भीती. शिवाय पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटींशी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा वेगळाच. स्कूबाने इथे एक नवीन गोष्ट केली. त्याच घरांतली मुलं गाइड झाली. केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात स्थानिकांना असं प्रशिक्षण मिळालं, खेकडापालनासारखे जोडधंदेही आले. जिवंत प्रवाळ दाखवून पैसे मिळतात म्हटल्यावर ते राखण्यात घराचा स्वार्थ आला.

त्याला दुसरी बाजूही आहे. गर्दीच्या दिवसांत एकाच खडकावर होड्या गोळा होतात, नांगर प्रवाळावर पडतात, मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली जातात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झाला नाही, होडीत झाला. म्हणून लाइफ जॅकेट, होडीतली माणसं आणि त्या दिवसाची हवा हे तीन प्रश्न टाकीच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे. दर पाडून घेणाऱ्या पर्यटकाला यांतलं एकही विचारता येत नाही. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकण्यापूर्वी एवढं ध्यानात असावं: २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

पुढची मोठी योजना निवती खडकांजवळची आहे. नौदलाचं ‘गुलदार’ हे १९८५ मध्ये सेवेत आलेलं, सुमारे ८४ मीटर लांबीचं जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. ते समुद्रतळावर बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, असं पर्यटन महामंडळाने ठरवलं. लोखंडी सांगाड्यावर आधी शेवाळ, मग शंख-शिंपले, मग लहान मासे आणि त्यांच्या मागे मोठे, असा क्रम जगभर दिसला आहे. त्यामुळे जुन्या प्रवाळावरची गर्दी थोडी हलली, तर फायदा दुहेरी.

प्रमाणपत्र हातात आलेल्या जोडप्याला किनारा पुढे मोकळा आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने दक्षिणेला गोवा, तिथे ग्रांडे बेटाजवळची बुडालेली जहाजं. मग मराठी ऐकू येणारं कारवार. आणि त्याच्या पुढे मुरुडेश्वर, जिथून नेत्राणी बेटावर होडी जाते. नेत्राणीला पाणी मालवणपेक्षा बहुधा स्वच्छ असतं आणि खोलीही जास्त, म्हणून नवख्यांनी आधी मालवण आणि मग नेत्राणी, हा क्रम बरा.

जायचं कधी? जूनच्या तोंडावर जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, आणि समुद्र निवळायला दिवाळी यावी लागते. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी टाळा. तेव्हा किनाऱ्यावर गाडी लावायलाच जागा नसते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारी-फेब्रुवारी, अष्टमीच्या मागचे-पुढचे दिवस, आणि हाताशी किमान आठवडा असेल तर निघा. प्रशिक्षकाची नोंदणी आधी करा, डॉक्टरांना विचारा, परतीच्या घाटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि हा लेख वाचून संपला की दोघांनीही आधी पोहण्याच्या वर्गाला नाव घाला.